कानात सांगायचं नाव

माझं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या म्हसवडकडच्या गावांत तिसरीही मुलगीच झाली की ठेवतात, ते. अर्थ एकच, ही नको होती. सांगलीच्या दवाखान्यात इतकी वर्षं नर्स आहे, तरी नवा डॉक्टर आला की मला हाक मारताना अडखळतो, अर्थ विचारतो आणि कळल्यावर उगाच सॉरी म्हणतो. त्याचं सॉरी घेऊन मी काय करू? ज्यांनी म्हणायला हवं ते आजही या नावाचं कौतुक सांगतात. असलं नाव ठेवलं की देवाला कळतं आणि पुढचा मुलगाच होतो म्हणे. माझ्या पाठीवर भाऊ झाला. झालं, नाव फळलं!

यंदा त्याच भावाला तिसरी मुलगी झाली. बारशाच्या सकाळी घुगऱ्या शिजत घालताना आई म्हणाली, "आत्या तू हायस, कानात तूच सांगायचं. तुझंच नाव ठिवू. लय गुणाचं हाय."

माझं डोकंच फिरलं. "आये, त्या नावावरनं शाळेत पोरं मला काय काय म्हणायची, म्हाईत हाय का तुला?"

"म्हणून काय मेलीस व्हय? नर्स झालीस की!"

भाऊ पाळण्याला फुगे बांधत होता. तो म्हणाला, "नावच तर हाय आक्का, त्यात काय एवढं?" तुझं काय जातंय रे बोलायला! तुझ्या बारशाला गावभर पेढे वाटले होते.

संध्याकाळी बाळाला पाळण्यात घातलं. मी वाकले तशा बायकांनी 'कुर्र' करत माझ्या पाठीत धपाटे घातले. आईचा सगळ्यात जोरात. लहानपणी मी स्वतःसाठी मनातल्या मनात एक नाव निवडलं होतं. घरात कुणी नसलं की आरशासमोर उभी राहून स्वतःला त्या नावानं हाक मारायचे. तेच मी पोरीच्या कानात सांगितलं आणि सरळ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं. आत्यानं कानात सांगितलेलं नाव आमच्याकडं फिरवत नाहीत.

भावजयीनं ते आधी हळू म्हणून पाहिलं, मग मोठ्यानं.

आई माझ्यावर उखडली. "आता पोरगा कसा व्हायचा गं? आन् चौथीबी पोरगीच झाली म्हंजे?"

"तर तिच्याबी कानात मीच सांगणार," मी म्हटलं.