पडद्यामागचे नायकआजा

नायकआजांच्या रिंगणापाशी कोणालाही नुसतं बघत उभं राहता येत नसे. बघणारा दिसला की आजा मृदंगावरचा हात न थांबवता हनुवटीनं खूण करत, आणि फिरणारी पोरं सरकून त्याला जागा देत. पाव विकणारा सायकलवाला, लेकराला न्यायला आलेली आई, सगळेच कधी ना कधी त्या रिंगणात फिरले. एकदा आमचे ख्रिस्ती हेडमास्तर आवाज कमी करा म्हणून सांगायला आले. आजांनी एका पोराला त्यांच्या बुटावर घुंगरं बांधायला लावली. "मिसिये, झाकरीला बघ्या नसतो," ते म्हणाले. आमच्याकडे शिक्षकाला मिसिये म्हणतात. हेडमास्तरांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तरी ते दोन फेऱ्या फिरले आणि घाम पुसत, आवाजाचं काही न बोलता, आपल्या खोलीत गेले.

ही गोष्ट आमच्या बेटावरच्या सुरिनाम गावातल्या शाळेतली, साठ सालाच्या आगेमागची. मी चोवीस वर्षांचा होतो आणि शुक्रवारी दुपारी मराठी शिकवायचो. नोकरी तात्पुरती होती. झाकरी आमच्या पणज्यांनी कोकणातून उसाच्या मळ्यांवर येताना आणलेली; मधे मृदंग घेऊन बसलेला नायक, भोवती एका पायात घुंगरं बांधून फिरणारी माणसं. आमच्या बाजूला ती पुरती येणारे आजा एकटेच उरले होते. गाणी कुठे लिहिलेली नव्हती, ती त्यांच्या तोंडात होती. त्यांना शाळेत मी आणलं. एवढंच मी आजवर लोकांना सांगत आलो आहे.

ते सकाळपासून ऊस तोडून तीनच्या सुमाराला येत. शाळेच्या नळावर पाय धूत, उसाच्या पातीनं कापलेले हात धोतराला पुसत आणि मग मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणीक थापायला बसत. कणीक घरून आजीनं मळून दिलेली असे. पोरं भोवती बसून बघत. "आज जरा सैल झाली," असं ते दर शुक्रवारी म्हणत. आजीच्या हातची कणीक त्यांना कधी पसंत पडली नाही आणि दुसऱ्या कुणाच्या हातची त्यांनी कधी घेतली नाही.

पाऊल कसं टाकायचं हे ते समजावून सांगत नसत. मी एकदा फळ्यावर पावलं काढून दाखवायला गेलो, तर हसले. "पोरांस्नी काय सांगता, मिसिये? पायास्नी सांगा." शांता नावाची एक मुलगी दर फेरीत चुकायची. मी तिला बसवून ठेवणार होतो. आजांनी तिला आपल्या अगदी समोर आणलं. "चुकनारं पोर माझ्या म्होरं पायजे. माझ्या हाताकडं बघ गो बाय, पायाकडं नको." महिनाभरात शांता इतरांना सांभाळून घेऊ लागली. मधे बसलेल्या माणसाचा हात सगळ्यांना दिसतो, आणि फिरणाऱ्यांना एकमेकांची तोंडं दिसतात, एवढीच त्यांची सगळी विद्या होती.

मग भारतातले एक विद्वान पाहुणे शिक्षण खात्याच्या साहेबांबरोबर आमच्या शाळेत येणार असं ठरलं. माझी नोकरी कायम व्हायची की नाही, हे त्या साहेबांच्या हातात होतं. अंगणात टेबलं जोडून रंगमंच केला, मागं पडदा लावला. मी आजांना म्हणालो, मुलं रिंगणात फिरली तर पाहुण्यांना पाठ दाखवल्यासारखं होईल, तेव्हा एका ओळीत, समोर तोंड करून नाचवू.

"रिंगनात पाठ कुनाची नसते, मिसिये," आजा म्हणाले.

"आणि टेबलांवर जागा कमी आहे, आजा. तुम्ही पडद्यामागे बसून वाजवा."

जागा होती. त्यांच्या धोतरावरचे उसाच्या रसाचे डाग आणि त्यांची मधेच बेटावरच्या क्रेओल भाषेत शिरणारी बोली मला पाहुण्यांसमोर नको होती. "की पू फेर," आजा म्हणाले, म्हणजे काय करणार. मग मृदंग उचलून पडद्यामागे जाऊन बसले.

पोरांना त्यांचा हात दिसत नव्हता, त्यांना पोरांचे पाय दिसत नव्हते. तरी एक पाऊल चुकलं नाही. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "इतक्या दूर हे जपलंय तुम्ही! मुलांना शिकवलं कोणी?"

साहेब माझ्याकडे बघत होते. पडदा माझ्या पाठीशी चार पावलांवर होता.

"मीच शिकवतो," मी म्हणालो.

शांता ओळीच्या टोकाला उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला माझी लाज वाटली, हे मला तेव्हाच कळलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी पडद्यामागे गेलो. आजा मृदंगावरची कणीक खरवडून काढत होते. "बरं झालं, मिसिये. पोरं वळीत पन ऱ्हायली," एवढंच बोलले. पुढच्या शुक्रवारी आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. उसाची तोडणी आहे, असा निरोप आला. तोडणी संपली तरी आले नाहीत. मी कायम झालो. साहेबांनी इतर शाळांतल्या शिक्षकांना माझ्याकडे पाठवलं आणि मला येत होती तेवढी चार गाणी व ओळीतली झाकरी मी त्यांना शिकवली. आज मुलं बहुतेक ठिकाणी ओळीतच नाचतात.

पाच-सहा वर्षांनी आजा आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बाजेवर पडले होते. मी म्हणालो, "आजा, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"ऐकलं की. पडदा केवढासा होता!" आजा हसले, मग खोकले. आजी आतून म्हणाली, "बोलू नको म्हटलंय ना डॉक्टरानं." आजांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "मिसिये, शिकवतो म्हनालात ना, मग शिकून घ्या. मी हाय तवर ते खोटं खरं करता येतंय. नायक गेला की त्याच्याभोवती रिंगन धरून एक गानं म्हनतात. माझ्या नायकासाठी मी म्हटलं. शाळेत पोरांस्नी मरनाचं गानं कसं शिकवू? ते तुमच्यापाशी ठेवतो. शुक्रवारी या."

मी येतो म्हणालो. त्या शुक्रवारी परीक्षेचे पेपर होते. पुढच्या शुक्रवारी शिक्षकांची सभा होती. खरं कारण वेगळं होतं. त्यांच्यासमोर मांडी घालून शिकायला बसायचं, चुकायचं, त्यांनी मला आपल्या समोर बसवायचं, याची मला लाज वाटत होती. असे अकरा शुक्रवार गेले.

आजा गेले. त्यांच्या अंगणात गाव जमलं होतं. म्हाताऱ्यांना त्या गाण्याची आठवण होती, शब्द कुणालाच येत नव्हते. आजांनी शिकवलेली पोरं आता मोठी झाली होती. कुणी न सांगता त्यांनी तिरडीभोवती रिंगण धरलं. शांताही होती, कडेवर मूल घेऊन. गावातले एक वडीलधारे काका माझ्याकडे वळले. "मिसिये, शिकवणारे तुम्हीच. धरा नायकाचं गाणं."

सगळे माझ्याकडे बघत थांबले. आजीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तीही वाट बघू लागली.

"मला येत नाही," मी म्हणालो.

काकांना वाटलं, दुःखानं माझा गळा दाटलाय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला बाजूला नेऊन बसवलं, आणि आजांना गाण्यावाचून नेलं. मला ते गाणं खरंच येत नव्हतं, हे मी त्या दिवशी कुणालाही समजावून सांगितलं नाही.