मात करण्याआधीचा थांबा

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. बोलायला बाहेर जिन्यात आले. "मामा गेला गो..." एवढंच ती म्हणाली. आदल्या दुपारीच मी मामाबरोबर मोबाइलवर बुद्धिबळ खेळले होते आणि पहिल्यांदाच त्याला हरवलं होतं. आता महिना उलटून गेला. त्याच्याविषयी काय लिहावं, मला नीट कळत नाही. त्याच्या खेळाविषयी मात्र सांगता येईल असं वाटतं.

नरेशमामा, आईचा धाकटा भाऊ, द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात गेटवर गाड्यांच्या नोंदी घ्यायचा. न्हावा शेवा बंदराकडून येणाऱ्या ट्रेलरची रांग कधी तुंबायची, कधी एकदम सुटायची. मधल्या वेळात तो ऑनलाइन डाव टाकायचा, पूर्ण डावाला दोघांना एकेकच मिनिट मिळणारा. त्याचा खेळही तसाच घाईचा झाला होता. समोरचा विचार करत असताना याची पुढची खेळी ठरलेली असे. प्यादी तो सहज देऊन टाकायचा, कारण अडकलेला पट त्याला सोसत नसे. "गेट मोकला पायजे," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पण एवढ्या घाईतही मात करायची खेळी दिसली की त्याचं बोट पडद्यावर थांबायचं... श्वासभर.

"मामा, वेळ जातोय ना!" मी ओरडायचे.

"जाऊ दे. समोरच्याला दिसू दे आधी. त्याला कललंच नाय, तर तो हरला कसा?"

मलाही त्यानेच खेळायला शिकवलं. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. नवीन पनवेलच्या त्या वर्गात तोंड उघडायला मी घाबरायचे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बाय, घाई आमाला हाय, तुला नाय. तू इचार करून बोल." तेव्हापासून वर्गात हात वर करण्याआधी मी मनात एकदा वाक्य म्हणून बघते.

मग त्याची मूत्रपिंडं बिघडली, डायलिसिस सुरू झालं, यार्ड सुटलं. एका हातात सुई, दुसऱ्या हाताने खेळ. गणपतीत दरवर्षी मखर बांधणारा मामा यंदा खुर्चीत बसून म्हणाला, "तुमी बांधा, मी बघतो. चुकलं तर आताच इचारा." आई त्याला म्हणाली, "आलशी झालास!" सगळे हसलो. तोही हसला... आता वाटतं, पुढचं आम्हाला आधी दिसावं म्हणून तो थांबला होता.

त्या शेवटच्या डावाला मामा डायलिसिसच्या खुर्चीतून खेळत होता. माझं प्यादं वजीर व्हायला एकच घर उरलं होतं. खेळी मामाची होती आणि तो खेळेचना. त्याचं घड्याळ शून्यावर गेलं आणि पडद्यावर माझं नाव झळकलं. त्याची रेंज गेली असेल असं मला वाटलं. "मामा, हरलास!" मी लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "जिंकलीस. आता पट बघ." मला तासाला जायचं होतं, पट बघायचा राहिला.

परवा तो डाव उघडला. माझा राजा माझ्याच तीन प्याद्यांच्या मागे कोपऱ्यात कोंडलेला, आणि मामाच्या हत्तीसमोरची पट्टी थेट शेवटपर्यंत मोकळी. एक खेळी, की मात. मी फक्त माझ्या प्याद्याकडे बघत राहिले होते. तो मुद्दाम थांबला की डायलिसिसच्या खुर्चीत त्याला ग्लानी आली, हे आता कोणाला विचारू?

काल कोणा अनोळखी माणसाशी खेळताना मला मात दिसली. बोट आपोआप थांबलं. माझं घड्याळ धावत होतं, आणि त्याचा राजा जिथल्या तिथे. मी थांबून राहिले... मग त्याने डाव सोडला.

त्याला दिसलं होतं.