जिन्याखालचा प्लग

माझा धंदा माणसांना बोलतं करण्याचा. ज्या मोठ्या माणसांना जन्मापासून किंवा आजारपणामुळे नीट बोलता येत नाही, त्यांना मी बोलणारा टॅब वापरायला शिकवते. त्यांनी टाइप करून बटण दाबायचं, की टॅब ते मोठ्याने बोलतो. घरच्यांना मी पहिल्याच दिवशी तंबी देते, कितीही वेळ लागो, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. हे मी इतक्या ठसक्यात सांगते, की ते मलाही लागू आहे हे विसरून जाते.

बोळिंजला माझ्याकडे शिकणारे एक चाळिशीचे गृहस्थ होते. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणं अस्पष्ट, हाताचं एकच बोट धड चालणारं, डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. कामणच्या एका गोदामात ते कम्प्युटरवर मालाच्या नोंदी करत. कंपनीची गाडी मेनरोडला थांबायची, तिथपर्यंत ते बॅटरीच्या व्हीलचेअरवर जात. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि घर पहिल्या मजल्यावर. ते स्वतः कठडा धरून चढत, खुर्ची जिन्याखाली राहायची आणि तिथल्याच प्लगवर चार्ज व्हायची. सोसायटीने रंगकाम काढलं आणि तो प्लग काढून टाकला. शोभा जाते म्हणे. चार्जिंग बंद म्हणजे कामावर जाणं बंद. आठवडाभर ते घरी बसून होते, आणि गोदामवाले काही जन्मभर वाट बघणार नव्हते.

रविवारी सोसायटीची सभा होती. अशा सभांची रीत अशी, की सेक्रेटरी "कोणाला काही बोलायचंय?" असं विचारतात आणि समोरच्याने श्वास घ्यायच्या आत "चला, मंजूर" म्हणतात. एका बोटाने टाइप करणाऱ्याचा तिथे निभाव कसा लागायचा? म्हणून मी शहाणपणा केला. आदल्या दिवशी अख्खं भाषण लिहून एका बटणात बसवलं, "आदरणीय अध्यक्ष"पासून "आपला ऋणी"पर्यंत. ते ऐकून गृहस्थांनी भुवई उंचावली. मला वाटलं, कौतुकाने.

सभेत मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी बटण दाबलं आणि टॅबमधली बाई बातम्या दिल्यासारखी खणखणीत बोलली. भाषण संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला. एका काकूंनी डोळे पुसले. एका काकांनी सुचवलं, की अशा जिद्दी माणसाचा सव्वीस जानेवारीला शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हावा, आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला. माणसाला शाल घातली की त्याचं ऐकायची जबाबदारी आपल्याकडे संपते. प्लगचं कोणाच्या डोक्यातही शिरलं नव्हतं. त्यांना तरी काय बोलणार, माझ्या भाषणात तो चौथ्या परिच्छेदात होता.

सेक्रेटरी पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळले, तेव्हा गृहस्थ टाइप करू लागले. अक्षरं चुकत होती, पुसली जात होती. लोकांची चुळबुळ सुरू झाली. सेक्रेटरींनी त्यांना ओलांडून मलाच विचारलं, "मॅडम, ह्यांना एक्झॅक्टली काय बोलायचंय?"

मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात गृहस्थांनी टाइप करणारा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यांनाच विचारा," एवढंच मी म्हणाले.

मग सगळे थांबले. कोणाला तरी फोन आला, तो त्याने कापला. बोट आपल्या चालीने चालत राहिलं. शेवटी टॅब बोलला, "शाल नको. प्लग द्या. उद्या कामावर जायचंय."

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेक्रेटरींनी खाली मान घालून लिहून घेतलं, संध्याकाळीच इलेक्ट्रिशियन पाठवतो म्हणाले, आणि सभा संपवली. काम फत्ते झालं होतं. गृहस्थांचं बोट मात्र अजून चालूच होतं. खुर्च्या सरकायला लागल्या, तोच टॅब पुन्हा बोलला, "थांबा. माझं अजून झालेलं नाही."

माणसं मुकाट्याने परत बसली. सगळ्यात आधी उठलेली मीच होते, पर्स खांद्याला लावून दारापर्यंत पोचलेली.