थोरल्या साडूंची सर्व्हेबंदी

साक्षात ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याला "आधारकार्ड दाखवा की" म्हणणारा माणूस भूतलावर एकच, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. उभा जन्म एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढला. निवृत्त होऊन जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, तरी नजर गेली नाही. चादर घ्यायला गेले की काठाचा धागा ओढून दुकानातच काडी लावून बघणार, सुती आहे का ते. एकदा हॉटेलात मी "आज स्पेशल काय?" विचारलं, तर माझा हात दाबून म्हणाले, "पाव्हणं, कालचं जे उरलंय त्येच सांगणार त्यो!"

पण सगळ्यात वाईट संशय निवडणुकीच्या सर्व्हेंवर. "कोण येणार ह्ये आधीच छापायचं, म्हंजे लोकं जिकडं खोबरं तिकडं चांगभलं! कायद्यानं बंद करा म्हनून चार अर्ज केलेत मी." मी म्हटलं, "अहो, लोकांना विचारण्यावर कसली बंदी?" "इचारू द्या की! छापू नका म्हनतो मी." आणि कायदा होईपर्यंत त्यांनी आपला घरगुती कायदा काढला: सर्व्हेवाला दारात आला की धडधडीत खोटं सांगायचं. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरचा विषय बाजूला सारून सगळ्यांकडून तसं कबूल करून घेतलं. खरं मत तर त्यांनी अख्ख्या संसारात अक्कांनाही, म्हणजे स्वतःच्या बायकोलाही, कधी सांगितलं नाही. "गुप्त म्हंजे गुप्त!"

आणि त्याच अक्का यंदा महापालिकेला उभ्या राहिल्या, अपक्ष. गुडघ्याला पट्टा बांधून बाईनं जिने चढून चढून वॉर्ड पालथा घातला. मतदानाच्या आधी एक सर्व्हे फोनोफोनी फिरला. त्यात अक्का शेवटच्या, आणि सगळ्यात कमी पाठिंबा स्वतःच्याच बिल्डिंगीत! बिल्डिंगीनं इमानेइतबारे खोटं सांगितलं होतं हो. साडू उसळून म्हणाले, "बगा! मी म्हनत न्हवतो, सगळं खोटं असतंय म्हनून?" ते खोटं पेरलं कुणी, हे सांगायची माझी छाती झाली नाही. सकाळी अक्कांचे पोहे खाणारी मंडळी सर्व्हे बघून संध्याकाळी दुसऱ्या उमेदवाराच्या रिक्षातून घोषणा द्यायला लागली. अक्का पडल्या, अगदी थोडक्या मतांनी.

निकालादिवशी त्या रडल्या नाहीत. गुडघ्याचा पट्टा सोडता सोडता एवढंच म्हणाल्या, "तुमी तरी मला दिलं हुतं का वो?" साडूंनी जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं तपासली, आज स्वतःच्या खिशात तिकीट नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली. अक्का उठून आत गेल्या.

परवा मी त्यांच्याकडे बसलेलो असताना एक बाई विधानसभेचा सर्व्हे घेऊन आल्या. म्हटलं, आता ऐका खोटं! तर साडूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमचं मत आमच्या हिला. त्या येळीबी हिलाच दिलं हुतं."

"काका, त्या यावेळी उभ्या नाहीत."

"नसू द्या की. तुमी लिवा."

आतली भांड्यांची आदळआपट थांबली. मग अक्कांचा आवाज आला, "खरं सांगताय, का सर्व्हेला सांगताय?"

साडूंनी त्या बाईंच्या कागदावर बोट ठेवलं.

"लिवा वो बाई," ते पुन्हा म्हणाले, या खेपेला अगदी हळू.