डब्यातले दोन तास

दहा वर्षांची असताना हसनाबादला आमच्या घरी मला ताप आला. आधी घसा सुजला, मग गुडघे असे फुगले की अंगणात यायचं तरी वडील पाठीवर घेऊन यायचे. भोकरदनच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं, मोठी होईपर्यंत एकही चुकवायचं नाही. दोन-अडीच वर्षं घेतलं. मग गुडघे दुखायचे थांबले, मी शाळेत पळायला लागले आणि इंजेक्शन सुटलं. मुद्दाम कोणी सोडलं नाही. एकदा पेरणीची घाई होती, एकदा गाडी चुकली, पुढे आठवणच राहिली नाही, एवढंच.

त्या तापानं माझ्या हृदयाची एक झडप आवळली होती. हे कळलं ते लग्नानंतर, दिवस गेलेले असताना. सहाव्या महिन्यात जिना चढताना दम लागला आणि मी पायरीवरच बसले. बाळंतपण कसंबसं पार पडलं. मुलगी वर्षाची झाल्यावर मला तेव्हाच्या औरंगाबादला नेलं, मांडीच्या नसेतून बारीक नळी घालून तिच्या टोकाचा फुगा फुगवला आणि झडप उघडली. तिसऱ्या दिवशी मी घरी. "ही परत आवळू शकते, दरवर्षी दाखवत जा," असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. चार-पाच वर्षं दाखवलं. मग बरंच वाटत होतं, म्हणून तेही सुटलं. सोडून देण्याची आमच्या घराला सवयच असावी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आम्ही जालन्याला राहतो. नवरा बदनापूरला एका कार्यालयात नोकरीला, तो सकाळी तिकडे जातो आणि मी उलट्या दिशेला, एसटीनं वाटूरपर्यंत. तिथल्या फाट्यावर माझ्या शाळेतली एक तरुण मॅडम स्कूटी घेऊन थांबलेली असते. तिच्यामागे बसून पुढच्या खेड्यात. पावसाळ्यात त्या रस्त्यावर स्कूटीपेक्षा आम्हीच जास्त चालतो.

ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी जूनपासूनच माझं काहीतरी बिनसलं होतं. दुखत काही नव्हतं. फक्त थकवा. सकाळी उठताना आदल्या दिवसाचा थकवा अंगावर तसाच असायचा. पोळ्या लाटताना मी ओट्याला टेकून उभी राहायची. वर्गात फळ्यावर लिहिताना हात खाली यायचा. आधी मी मुलांना उठून लिहायला लावू लागले आणि मनाशी म्हणायची, त्यांचाही सराव होतो. मग मी खुर्चीवर बसून शिकवू लागले. पंचेचाळिशी आली, रक्त कमी असेल, झोप पुरत नसेल. कारणं मला भरपूर सापडत होती. खरं सांगायचं तर आपण आळशी झालो आहोत असंच मला वाटत होतं, आणि त्याची लाज वाटत होती.

त्यात मतदार यादीचं काम अंगावर आलं. शाळा सुटली की घरोघर जायचं, नावं तपासायची, मेलेल्यांची काढायची, सुनांची घालायची. माणसं रानात गेलेली असायची, मग परत जायचं. एका दुपारी, मधल्या सुट्टीत, मी डबाही न उघडता टेबलावर डोकं ठेवून पडले होते. तरुण मॅडम शेजारी येऊन उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही किती दमून राह्यल्या? हे घ्या बरं."

तिच्या हातात थंड डबा होता, एनर्जी ड्रिंक म्हणतात त्या ताकद देणाऱ्या पेयाचा. ती स्वतः सकाळी फाट्यावरच्या दुकानातून एक घ्यायची, हे मला माहीत होतं. मला ते पोरांचं खूळ वाटायचं.

"मला कशाला? तू पी."

"मी दोन आणलेत आज. प्या हो, काही न्हाई होत. एकदम फ्रेश वाटतं."

मी प्याले. खोकल्याच्या औषधात सोडा घातल्यासारखी चव. अर्ध्या तासानं मी पाचवीच्या वर्गात गेले आणि तास संपेपर्यंत उभी होते. शेवटच्या तासाला मुलांना मैदानावर नेऊन कवायत घेतली. मुलं माझ्याकडे बघत होती, आज बाईंना काय झालं म्हणून. संध्याकाळी अकरा घरं केली. कितीतरी महिन्यांनी मला मी आठवले.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मी स्वतः डबा विकत घेतला.

पुढचे तीन महिने मी रोज दुपारी एक डबा पीत होते. कधी घरोघर फिरायचं असेल तर दोन. मुलांना दिसू नये म्हणून कापडी पिशवीतून आणायचा, कपाटाच्या आडोशाला उभं राहून संपवायचा आणि रिकामा डबा पिशवीतच परत न्यायचा. मिळायचे फक्त दोन तास. चारच्या सुमाराला ते संपायचे आणि मग मी पहिल्यापेक्षाही जास्त गळून जायची. एसटीत खिडकीला डोकं लावून मला रडू यायचं, कशाचं ते कळायचं नाही. त्या दोन तासांत छातीत धडधडायचं, बोटं थरथरायची. मला वाटायचं, हाच तो जोर, हेच ते फ्रेश वाटणं.

एकदा मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली होती. चष्मा पुसून, खिडकीशी नेऊन. लहान मुलांनी घेऊ नये, गरोदर बायांनी घेऊ नये, ज्यांना कॅफीन सोसत नाही त्यांनी घेऊ नये. मी या तिन्हींत बसत नव्हते. हृदयाचा शब्द मला त्यात दिसला नाही आणि मी निर्धास्त झाले. माझी झडप मला तेव्हा आठवली होती, नाही असं नाही. पण ती वीस वर्षांपूर्वीची, दुरुस्त झालेली गोष्ट होती. कुणाला विचारलं असतं तर नको म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्याच आठवड्यात ते झालं. दुपारचा तास होता, मी अपूर्णांक शिकवत होते. फळ्यावर भाकरीचा गोल काढला, त्याचे चार भाग केले आणि छातीत एकदम काहीतरी सुटलं. पोत्यात कोंबडी कोंडावी आणि तिनं पंख मारत सुटावं, तसं. ठोक्याला ठेका नव्हता. एक पडायचा, तीन घाईत यायचे, मग थांबल्यासारखं व्हायचं. मी खुर्ची गाठली. श्वास घेतला तर तो वरच्या वरच राहिला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पाणी आणू का?" मला हो म्हणता आलं नाही, मान हलवली.

ती पाणी आणण्याऐवजी तरुण मॅडमलाच घेऊन आली. मग मुख्याध्यापकांची गाडी, मागच्या सीटवर मी, शेजारी ती. मला आडवं केलं की जास्त घुसमटायचं, म्हणून तिनं मला सबंध रस्ता धरून बसवलं होतं. "मॅडम, बोलत राहा," ती म्हणत होती. मला बोलवत नव्हतं. "बरं, नका बोलू, नका बोलू."

जालन्याच्या दवाखान्यात छातीला तारा लावल्या, ऑक्सिजन लावला, हाताच्या शिरेतून औषधं दिली. ठोके आटोक्यात यायला संध्याकाळ झाली. नवरा बदनापूरहून थेट तिथंच आला होता, पायात बूट, हातात जेवणाचा डबा. दुसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीसारखं यंत्र बराच वेळ छातीवर फिरवलं. वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांनी विचारलं, "चहा, कॉफी, तंबाखू, काही?"

मी नवऱ्याकडे पाहिलं आणि डब्याचं, जूनपासूनच्या थकव्याचं, सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी कागदावर दोन कप्पे काढले, एक वर, एक खाली, मध्ये फट. "ही तुमची झडप. परत आवळली आहे. वरच्या कप्प्यातलं रक्त या फटीतून खाली उतरायला वेळ लागतो. तो वेळ मिळतो दोन ठोक्यांच्या मध्ये. ठोके जलद झाले की वेळच राहत नाही. रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात. म्हणून दम लागला. आणि वरचा कप्पा ताणून ताणून मोठा झालाय, त्यामुळे त्याचा ठेका बिघडला."

"म्हणजे त्या डब्यानं झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"डब्यानंच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. झडप अशी आहे म्हटल्यावर आज ना उद्या हे होणारच होतं. पण ज्या हृदयाला सावकाश चालू द्यायला हवं, त्याला यांनी रोज पळवलं."

मी विचारलं, "मग चहासुद्धा बंद?"

"कपभर चहा आणि हे एक नाही. चहा तुम्ही फुंकून फुंकून पिता. हा डबा थंड असतो, दोन मिनिटांत पोटात. कॅफीन जास्त, वर साखर, आणखी काय काय. निरोगी माणसानं एखादा प्याला तर बहुतेक वेळा काही होत नाही. पण ज्याच्या झडपेत, ठोक्यात किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोष आहे, त्याला किती चालेल हे मला सांगता येत नाही. सांगता येत नाही, म्हणून मी नकोच म्हणतो."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बाई, मला वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतंय. जूनपासून तुम्ही थकत होता. ते झडपेचं दुखणं होतं. तेव्हा आला असतात तर एवढं तुंबलं नसतं. तुम्ही तीन महिने ते दाबून ठेवलंत."

ते निघून गेले. नवरा स्टुलावर बसून राहिला. रागावेल असं मला वाटलं होतं. त्यानं माझ्या हातावरची सुईची पट्टी नीट बसवली.

"मला सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? डबा पिते म्हणून?"

"डब्याचं सोड. थकून राह्यली होतीस, ते."

"थकले, हे काय सांगायचं असतं का?" मी म्हटलं. "तुम्ही पण थकताच की."

ते बोलून मलाच बरं वाटलं नाही. आमच्या घरात संध्याकाळी दोन थकलेली माणसं समोरासमोर जेवत होती आणि कोणी कुणाला विचारत नव्हतं, हे त्या दिवशी दोघांच्याही लक्षात आलं.

तरुण मॅडम तिसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. "मीच पाजलं तुम्हाला. मला काय माहीत, तुम्हाला हार्टचं आहे म्हणून."

"तुला कसं माहीत असणार? मी सांगितलंच न्हाई. तू एकच पाजला, बाकीचे मी आणले."

तिनं मोसंबी सोलली. पहिली फोड मला दिली, दुसरीही मलाच. तीही आता डबा घेत नाही म्हणाली. मी घेऊ नको असं म्हटलं नव्हतं. तिचं हृदय चांगलं आहे, तिचं तिनं ठरवावं.

झडप या वेळी फुग्यानं उघडण्यासारखी राहिली नव्हती. जानेवारीत संभाजीनगरला छाती उघडून ती बदलली, धातूची बसवली. खोली शांत असली की तिचा बारीक टकटक आवाज मला ऐकू येतो. नवऱ्यालाही येतो, आधी तो दचकायचा. रक्त पातळ राहण्याची गोळी आता कायमची, आणि ती बरोबर लागू पडतेय का ते बघायला ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. हे मात्र मी सोडलेलं नाही. एकदा रक्त द्यायच्या दिवशी एसटी चुकली तर नवऱ्यानं ऑफिसला दांडी मारून मला मोटारसायकलवर नेलं.

जूनमध्ये शाळेवर परत आले. मतदार यादीच्या कामातून सूट मिळाली. ते काम आता दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेलं असणार. थकवा गेला का, असं सगळे विचारतात. तो छातीतला, ओढून नेणारा थकवा गेला. एसटीचा, फळ्याचा आणि पोळ्यांचा आहे तसाच आहे. पण आता मी थकले की थकले म्हणते, आणि बसते.

गेल्या महिन्यात परतूरकडच्या एका शाळेतल्या सरांचा फोन आला. माझं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांच्या भावाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, टाकलेली. तो दिवसभर ट्रॅक्टर चालवतो आणि रोज दोन-दोन डबे पितो.

"चालतं का हो मॅडम? तुम्हाला अनुभव आहे म्हणून विचारून राह्यलो."

"मी डॉक्टर न्हाई, सर. मला तर नकोच म्हणून सांगितलं. त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि डब्याची गोष्ट लपवू नका म्हणा, किती पितो ते खरं सांगा."

"तो न्हाई ऐकत. म्हणतो, त्याच्याशिवाय अंगच उचलत न्हाई."

"तेच सांगा मंग डॉक्टरला. अंग उचलत न्हाई, हेच सांगा."

"अहो, थकतात तर सगळेच," सर म्हणाले.

मग त्यांना म्हटलं, उद्याच घेऊन जा, त्याला एकट्याला पाठवू नका. ते बरं म्हणाले. गेले की नाही, मला माहीत नाही. परत फोन करून विचारायचं रोज ठरवते आणि घरी येईपर्यंत राहून जातं.