भैनीपासून लपवलेली गोष्ट

मी धर्मराज, गव्हाणचा. आमच्या खाडीत माज्यासारका जालं टाकनारा नाय, नि अख्ख्या पनवेलात माज्या भैनीसारकी सिस्टर नाय. मोनाली. मी सातवी नापास, पन तिला नर्सिंगला मीच घातली.

दोन हजार बाराची गोष्ट. शिंगाला नावाच्या मासलीचा काटा हातात घुसला. चुना लावला नि मेवन्याच्या हलदीत नाचलो पन. चवथ्या दिवशी हात कोपरापर्यंत टम्म, थंडीनं दात वाजतंत. माजी बायको सुनंदानं सकालीच मला मोनालीच्या हॉस्पिटलात आनला. मोठा डॉक्टर संध्याकाली येनार होता.

दुपारी भेटायच्या टायमाला निम्मा गाव खाटेभवती. एका हाताला सलाईन, दुसरा सुजलेला, एका बाजूला भिंत. श्वास पुरत नव्हता, तरी मी हसत म्हनलो, "काट्यानं मरनारा मी नाय रं!"

मोनाली आली. "बोलू नको, दादूस." घड्याल धरून माज्या छातीकडं बगत राह्यली. पायाला हात लावला, बीपी घेतला. मंग इचारलं, "सकालपासून लघवी झाली?"

आता हिला मी कडेवर खेलवलेली. सगल्या गावासमोर काय सांगू?

"झाली की. दोनदा."

"किती वाजता?"

"सकाली... नाय, मगाशी." डोकं चालतच नव्हतं.

"सरका, काका. वहिनी, तू पन भायेर." तिनं पडदा ओढला. "तू खोटं बोललास तर डॉक्टरला मी काय सांगू? जंतू रक्तात भिनलं असतील, दादूस. तासातासाला बिघडतंय."

पलायला जागा नाय. इकडं भिंत, तिकडं पडदा, समोर ती.

"कालपासून थेंब नाय," मी भिंतीकडं बगून म्हनलो.

तिनं तिथूनच फोन लावला. "संध्याकाळी नाही सर, आत्ता या. सेप्सिस वाटतंय. श्वास मिनिटाला तीस, बीपी नव्वद, पाय थंड, कालपासून लघवी नाही."

धा मिनटात डॉक्टर हजर. तपासायला रक्त काढलं, लगेच अँटिबायोटिक, वर सलाईन जोरात. लघवीला नली घालायची होती. मी डोलं मिटलं. तर तिनं शैलेश ब्रदरला आत पाठवला, नि आपन पडद्याभायेर उभी राह्यली.

"दादूस, हाय ना?"

"हाय."

आयसीयूत नेईपर्यंत ती इचारत होती, नि मी हाय म्हनत होतो.