पळसाच्या पानातले नमुने

जगात तेलाचं संकट आलं होतं आणि ते थेट आमच्या जीपपर्यंत पोचलं होतं. पेट्रोल जपायचं म्हणून आठवड्यातून एकच फेरी, हिंगणघाटहून अल्लीपूरच्या पुढच्या एका गावी. आमचे तरुण डॉक्टर म्हणत, जगापुढे संकटं तीनच, तेल, धान्य आणि जंत. पहिल्या दोन्हींवर मोठमोठी माणसं बसली होती. तिसरं आमच्या वाट्याला आलं. आमच्या म्हणजे डॉक्टर, त्यांचा मायक्रोस्कोप आणि मी.

मी रत्नागिरीकडची, सातवीतून शाळा सुटलेली. मावशीचे यजमान हिंगणघाटच्या मिलमध्ये होते, त्यांच्या शब्दावर ही हंगामी नोकरी मिळाली. संध्याकाळी घरोघरी काचेच्या बरण्या वाटायच्या, गावातच मुक्काम करायचा आणि सकाळी शौचाचे नमुने गोळा करून निघायचं. नोकरी गेली असती तर मला परत गावी जावं लागलं असतं. तिथं मी कोणाला नको होते असं नाही, पण जेवायला ताटं आधीच कमी पडत होती.

त्यामुळे मी सगळ्यालाच भ्यायचे. त्यात डॉक्टरांनी जंतांचा प्रवास समजावून सांगितला. ओल्या मातीतून उघड्या तळपायात शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशाशी येतात, गिळले की पोटात, आणि तिथं आतड्याला चिकटून रक्त पितात. तेव्हापासून मला खोकला आला की वाटायचं, कोणीतरी वर येतंय.

पहिल्या सोमवारी बरण्या वाटल्या. काय हवं आहे ते डॉक्टरांनी खुणेनंसुद्धा सांगितलं. बायांनी पदर तोंडाला लावून माना डोलावल्या. सकाळी बरण्या परत आल्या त्या घासूनपुसून लख्ख, आणि भरलेल्या. एकीत जवसाची चटणी, एकीत लिंबाचं लोणचं, एकीत हुरडा. डॉक्टरांनी एकेक झाकण उघडलं, वास घेतला आणि बंद केलं.

"मला लोणच्यावर प्रबंध लिहायचा नाहीये," ते जीपमध्ये म्हणाले. मग म्हणाले, "पुढच्या फेरीला असंच झालं तर हे गाव बंद करावं लागेल. म्हणजे तुमचं कामही."

हे बोलताना त्यांनी हुरडा संपवत आणला होता, ते वेगळं.

तो आठवडा मी कसा काढला ते मावशीला विचारावं. पुढच्या सोमवारी, ज्यांच्या ओसरीवर आम्ही उतरायचो त्या काकूंना मी सरळच विचारलं, "काकू, तुम्हाला समजलं नव्हतं का, काय द्यायचं ते?"

"न समजाले का झालं? डाक्टर तं बसूनच दाखवून राह्यला होता!"

"मग?"

"मंग का वो? पाहुण्याचं भांडं आमी रिकामं देत नाई. आन् त्यात थे भरून देऊ? तुमच्या कोकणात देते का?"

मी म्हटलं, आमच्याकडेही नाही देत.

"पाह्य! मंग आमालेच काऊन मागून राह्यली?"

माझा चेहरा पडला असावा. नोकरीचं सांगितलं तेव्हा काकूंनी सुपारी कातरायची थांबवली. "भांड्यात नाई देनार," त्या म्हणाल्या. "पळसाच्या पानात देतो. पानाले कोनी परत मागत नाई. पुढं तू बरणीत घाल नाई तं डोक्यावर घे."

मी हात जोडले. पण ओसरीवर जमलेल्यांतली एक म्हणाली, "आमचं नेऊन राह्यली, तुयं पाह्यलं का कोनी? पहिले तुयं दे, मंग आमचं."

सगळ्या हसल्या. डॉक्टर खाली बघत चष्मा पुसत राहिले. म्हणजे त्यांचंही मत तेच होतं.

सकाळी मी पळसाचं पान धुऊन घेतलं आणि दिलं. डॉक्टरांनी उन्हाकडे आरसा वळवून मायक्रोस्कोप लावला, वाकले, आणि वर बघेनात. शेवटी म्हणाले, "अंडी आहेत. अंकुशकृमीची, तळपायातून शिरणाऱ्या त्याच जंताची. भरपूर."

"कोनाची?" मागून कोणीतरी विचारलं.

"यांची."

काय तो आनंद! "आमाले तपासाले आली न् जंत इचेच!" बायांनी ओसरीवर रांग लावून माझी अंडी पाहिली. एक म्हातारी पाहून आली आणि घरी निघालेल्या दुसरीला म्हणाली, "जाय माय, पाहून घे. कोकनातून आले हायेत." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण धरणीत शिरायलाही आता भीती होती.

उन्हं ओसरीवर येईपर्यंत मात्र पळसाची पानं यायला लागली. दडवून कोणी आणलं नाही. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्यात कोकणातल्या पोरीपेक्षा कमीच निघतील. मी धडाधड बरण्या भरल्या, झाकणं लावली आणि नाकाला पदर लावायचं विसरून गेले.

निघताना डॉक्टरांनी मला जंताच्या गोळ्या दिल्या. काकूंनी जवसाची चटणी दिली, आमच्याच एका बरणीत. "रक्त कमी हाय तुयं. खाजो. आन् चप्पल घालून फिरजो."

जीप सुरू झाली. डॉक्टरांनी मागं वळून नमुन्यांच्या बरण्यांची पेटी एकदा पाहिली.

"पुढच्या सोमवारी," ते म्हणाले, "बरण्या जास्त घ्या. एक चटणीसाठी वेगळी."